आतून पांढरंच असतं

बांधणीबाईने आपल्या पोटच्या पोरीची कातडी सोलली, ही बातमी आमच्या वाचनालयात एका मंगळवारी दुपारच्या चहाआधी आली आणि चहा संपेपर्यंत तिला हातपाय फुटले. चहाआधी बाईने पोरीचा हात नुसता 'घासला' होता. पहिल्या घोटाला तो 'सोलला' गेला. कप विसळायला जाईपर्यंत बाईने म्हणे पोरीला खुर्चीला बांधलं होतं, तोंडात बोळा कोंबला होता आणि वरची काळी कातडी काढून खालून गोरी येते का, ते ती पाहत होती. का, तर पोर बापावर गेलेली. बाई गोरीपान, नवरा काळा, आणि पोरगी म्हणजे बापाची झेरॉक्स.

"लाज वाटायची हो तिला," काउंटरवरची बाई म्हणाली. "आई झाली म्हणून काय झालं."

या काउंटरवरच्या बाईला आम्ही बिनतारी म्हणायचो. तिच्या कानात घातलेली गोष्ट तारेशिवाय सगळीकडे पोचायची. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात ते साध्या माणसांबद्दल. हिच्या तोंडात मोहरी टाकली तर ती पर्वत होऊनच बाहेर यायची. आणि आम्ही वाचनकक्षातले रिकामटेकडे, वर्तमानपत्राच्या एकेका पानावरून भांडणारे लोक, तो पर्वत चढायला तयारच असायचो.

पण बांधणीबाईची ओळख आधी नीट करून देतो, नाहीतर तुम्हीही बिनतारीच्याच बाजूला जाऊन बसाल.

मुलांच्या विभागामागे एक अरुंद खोली होती. पूर्वी तिथे छत्र्या आणि कोट ठेवत. खिडकीतून समोरच्या लाँड्रीची वाफ दिसायची. त्या खोलीत बाई पुस्तकांची बांधणी करायची. एक लांब टेबल, पुस्तकं आवळायचा लोखंडी शिकंजा, खळीचं भांडं, दोऱ्याची रिळं आणि फाटलेल्या पुस्तकांचे ढीग. मुलांची पुस्तकं वाचनालयात परत येतात ती लढाईवरून आलेल्या शिपायांसारखी. कुणाचा पाठकणा मोडलेला, कुणाची पानं गळलेली, कुणावर जाम सांडलेला. एका पुस्तकात तर दुधाचा दात अडकलेला निघाला. बाईने तो काडेपेटीत घालून खिडकीत ठेवला. "मालक येईल न्यायला," म्हणाली. मालक काही आला नाही. बहुतेक तोवर त्याला दुसरा आला असावा.

बाई कमी बोलायची. तिच्या दातात कायम दोरा असायचा, आणि दातात दोरा असला की उत्तर न द्यायची आयती सोय होते. पुस्तक उसवायचं, पुन्हा शिवायचं, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. सगळ्यात शेवटचं काम कडेचं. शेकडो हातांचा मळ बसून पुस्तकाची कड काळी होते. मग पुस्तक दोन फळ्यांमध्ये घट्ट आवळायचं आणि सुतार वापरतात तसल्या बारीक पॉलिश पेपरने कड घासायची. खर्रखर्र आवाज होतो, काळी भुकटी पडते आणि खालून पानं उजळ निघतात. ती उजळली की बाई दोरा काढून ठेवायची आणि म्हणायची, "घाण वरवरची असते गं. आतून पांढरंच असतं."

हे ती कुणाला म्हणायची? टेबलाखाली बसलेल्या लेकीला.

लेक सात वर्षांची. शाळा सुटली की थेट इथे. पुठ्ठ्याच्या कापलेल्या पट्ट्यांवर बैठक मारायची आणि दुरुस्तीला आलेलं प्रत्येक पुस्तक, शिवण्याआधी एकदा आणि शिवल्यावर एकदा, असं दोनदा खायची. म्हणून तिचं नाव वाळवी. पुस्तकाच्या दवाखान्यातच वाळवी पाळलीय, असा विनोद मीच केला होता आणि तो चांगला चालला.

वाळवीचा बाप बोटीवर इंजिनखात्यात. महिनोन्महिने समुद्रात. घरी आला की त्याचा एक नेम होता. उंबऱ्याबाहेरच उभा राहायचा, खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आधी बाही वर सारायचा आणि म्हणायचा, "दाखव."

वाळवी आपला हात त्याच्या हाताला लावून धरायची. कोपरापासून मनगटापर्यंत, कातडीला कातडी.

"जुळतोय का?"

"जुळतोय."

"मग आत येतो. नाहीतर म्हणणार होतो, चुकीच्या घरी आलो."

हे दर खेपेला. शेजारीपाजारी दार किलकिलं करून ही जुळवाजुळव बघायचे.

आता वाळवी हुशार. हुशार पोरांचा त्रास असा की ती गोष्टीत जे आहे ते वाचतात आणि जे नाही तेही. एक दिवस टेबलाखालून आवाज आला.

"आई, ही काळी मुलगी शेवटी कुठे गेली?"

"कुठली?"

"ही. पहिल्यांदा पाणी भरत होती. राजकन्येच्या लग्नात नाहीये."

"असेल आत, स्वयंपाकघरात."

"लग्नाच्या दिवशी पण?"

बाईने दोरा दातात घेतला.

पुढच्या आठवड्यात: "आई, चेटकीण काळी असते म्हणून वाईट असते, की वाईट असते म्हणून काळी होते?"

दोरा दातात होताच.

मग एके दिवशी टेबलाखालून आनंदाने वाळवीचं डोकं फळीवर आपटलं. "आई, एक सापडली. काळी आहे आणि चांगली पण आहे. म्हातारीला पाणी देते, मुंगीला वाट देते." पान उलटल्याचा आवाज. आणखी एक पान. मग बराच वेळ काहीच नाही.

"काय झालं गं?"

"झऱ्यात आंघोळ केली तिने. गोरी झाली शेवटी." मग ती स्वतःशीच म्हणाली, "चांगलं वागलं की होतं बहुतेक."

तेव्हापासून पोर जी चांगली वागायला लागली, की सगळे हैराण. समोरच्या लाँड्रीत एक म्हातारी इस्त्री करायची. वाळवी तिला पाणी नेऊन द्यायची. पुन्हा पुन्हा द्यायची.

"अगं, किती पाजशील? पोट आहे का हौद?"

"प्या ना आजी."

"तुला काय हवंय ते सांग, म्हणजे मी सुटेन."

वाळवी काही सांगायची नाही. मुंग्यांची रांग दिसली की वळसा घालून जायची. शाळेत स्वतःचा डबा दुसऱ्याला द्यायची. आम्ही म्हणालो, काय संस्कार आहेत बघा. बिनतारीसुद्धा म्हणाली, रंगाने नाही पण गुणाने आईवर गेली हो. तिने ते कौतुकानेच म्हटलं, आणि पोरीसमोर म्हटलं.

एका संध्याकाळी दिवा लावल्यावर आईने पाहिलं, पोर दिव्याखाली हात धरून उलटसुलट करतेय. बारकाईने, जसं आई कागदाचा पोत बघते तसं. "काय बघतेस?" विचारलं तर म्हणाली, "किती झाला ते."

तेव्हा आईला सगळं एकदम कळलं. पाणी का, मुंग्या का, डबा का.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथपाल मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने मॅडमकडे दोरा आणि खळीशिवाय काही मागितलं नव्हतं.

"मॅडम, एक पुस्तक हवं होतं. मुलगी काळी पाहिजे. शेवटपर्यंत काळी. आणि तिचं चांगलं झालं पाहिजे."

मॅडम हसल्या, "असेल की ढीगभर," आणि शोधायला उठल्या. संध्याकाळी दोन पुस्तकं घेऊन आल्या. एकात मोलकरीण होती, मालकिणीच्या बाळाला आगीतून वाचवणारी. वाचवते आणि मरते. दुसऱ्यात कावळा होता.

"कावळा चांगला आहे हो यातला," मॅडम म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांचं त्यांनाच काहीतरी झालं. खाली बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं मीच वाटतेय ही पुस्तकं. माझ्या कधी लक्षातच आलं नाही गं."

बाईने स्वतः कपाटं धुंडाळली. जेवणाच्या सुट्टीत शिडीवर चढून एकेक पुस्तक खाली काढायची, शेवटचं पान आधी बघायची. आम्ही खालून विचारायचो, "काय बाई, खजिना शोधताय का?" ती पुढचं पुस्तक उघडायची. तिला फक्त एक मुलगी हवी होती, शेवटच्या पानावर उभी असलेली.

नाहीच मिळाली, तेव्हा तिने ती बनवायची ठरवली. रद्दीत काढलेलं एक जुनं पुस्तक घेतलं. कडा रंगवायचा तपकिरी रंग पातळ केला आणि बारीक कुंचल्याने राजकन्येचा चेहरा, मान, हात रंगवले. पानोपानी. केसांना कुरळेपणा आणला. डोळे निळे होते ते काळे केले. रंग ओठांवर सांडू दिला नाही. वाळवलं, दाबलं, नवा पुठ्ठा चढवला आणि लेकीच्या हातात दिलं.

वाळवीने पहिलं पान उघडलं. "हिला काय झालं?"

"काही नाही झालं. ही अशीच आहे."

"आधी अशी नव्हती. मी वाचलंय हे." तिने बोटाने पान चोळून पाहिलं. "हिच्यावर काहीतरी सांडलंय आई." तिने पुढची पानं चाळली. सगळीकडे तेच. तिचा चेहरा रडवेला झाला. "पुसून दे ना गं. राजपुत्र यायच्या आत पुसून दे."

आईने पुस्तक घेतलं आणि शिकंज्याखाली ढकललं. त्या दिवशी तिने दुसरं काही काम केलं नाही, नुसता दोरा ओवत बसली.

शनिवारी मुलांच्या विभागात गोष्टीचा तास असायचा. मॅडम गोष्ट सांगायच्या आणि मुलं पात्रं व्हायची. त्या शनिवारी राजकन्येची गोष्ट होती. वाळवीला तिचा शब्दन् शब्द पाठ. तिने हात वर केला, सगळ्यात आधी, सगळ्यात उंच. मॅडमची नजर तिच्यावर गेली, तिथून बाजूच्या मुलींवर गेली, परत तिच्यावर आली. त्या कावळ्याच्या पुस्तकापासून अवघडलेल्या मॅडम काही बोलणार, तेवढ्यात खुर्च्या लावणारी बिनतारी म्हणाली, "तू रात्र हो की गं. तुला तर रंगवायला पण नको."

मुलं हसली. वाईट हेतूने नाही, मुलं तशीच हसतात. आम्ही दारातून बघत होतो, आम्हीही हसलो. बिनतारीने वर तिला लिमलेटची गोळी दिली, लाडाने. वाळवी रात्र झाली. पूर्ण गोष्टभर दोन्ही हात पसरून, न हलता मागे उभी राहिली. टाळ्याही पडल्या.

त्या आठवड्यात बापाची बोट लागायची होती.

सोमवारी दुपारी बांधणीबाई काउंटरवर दुरुस्तीची पुस्तकं घ्यायला आली होती. बिनतारी काहीतरी सांगत होती आणि बाई नेहमीप्रमाणे ऐकल्यासारखं करत होती. एकदम तिने मान वळवली. तिच्या खोलीतून खर्रखर्र आवाज येत होता, पॉलिश पेपरचा. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता, कारण तो तिचाच आवाज होता. ती इथे उभी होती, मग आत कड घासत होतं कोण?

हातातली पुस्तकं तिथेच टाकून ती गेली. आम्हाला फक्त दार आपटलेलं ऐकू आलं.

वाळवीने डाव्या हाताचा पंजा टेबलावर दोन फळ्यांच्या मध्ये ठेवला होता. वरच्या फळीवर वजन म्हणून लोखंडी ठोकळा. आई पुस्तक आवळते तसं. उजव्या हातात पॉलिश पेपर, घडी घालून, अंगठ्याने दाबून, जसा धरायला हवा तसाच धरलेला. मनगटापासून अर्ध्या हातापर्यंत घासून झालं होतं. ती रडत नव्हती. ओठ घट्ट मिटून काम करत होती. आईला बघून तिने ओठ उघडले.

"आई, अजून लालच आहे. पांढरं किती आत असतं?"

दवाखान्यात नर्सने जखम धुतली तेव्हा मात्र पोर किंचाळली. पट्टी बांधताना नर्सने विचारलं, "कुणी केलं बाळ हे?"

वाळवी जमिनीकडे बघत राहिली.

"पडलीस का?"

मान हलली, नाही.

"मग कुणी केलं? घाबरू नकोस. आईने का?"

पोरीने एकदा आईकडे पाहिलं. मग मान हलवली. हो.

नर्सने वर पाहिलं. बाईच्या दातात त्या दिवशी दोरा नव्हता. ती म्हणाली, "हो. मीच."

डॉक्टरांनी तिला बाहेर उभं करून जे सुनावायचं ते सुनावलं. पुन्हा असं दिसलं तर पोर तुमच्याकडे राहणार नाही, म्हणाले. ती ऐकून घेत होती. आणि ती नर्स, नशीब म्हणतात ते असं, बिनतारीची मावसबहीण निघाली.

घरी जाताना रस्त्यात वाळवी म्हणाली, "मी खोटं बोलले."

"हो."

"तू पण."

"हो."

"बाबाला खरं सांगू नकोस. बाबाला वाटेल मला त्याचा हात नको."

आई चालता चालता थांबली. तिने तोवर हा विचार केलाच नव्हता. मग म्हणाली, "नाही सांगणार."

बाप गुरुवारी आला. बातमी त्याच्याआधी धक्क्यावर पोचली होती, बिनतारी म्हणजे बिनतारी. तरी तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला, पिशवी खांद्यावरच, आणि सवयीने बाही वर सारली. मुलीने पट्टीचा हात पाठीमागे नेला. त्याने वर केलेला हात तसाच राहिला. मग खाली आला.

"कुणी केलं?" त्याने बायकोला विचारलं.

"मी."

"कशाने?"

"पॉलिश पेपरने."

तो बोटीवरचा माणूस, आवाज मोठा. शेजारी दारांना कान लावून बसले होते, पण ओरडणं असं ऐकूच आलं नाही. तो इतकंच म्हणाला, "माझा हात पण आवडत नव्हता का गं तुला? इतकी वर्षं?"

'नाही हो, तसं नाही,' एवढं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, 'मग का?' आणि त्याचं उत्तर पोरीच्या पाठीमागे पट्टीत बांधलेलं होतं. बाई गप्प राहिली. तो ती शांतता ऐकून उठला.

त्याने पोरीचे कपडे पिशवीत भरले. मुलगी आईकडे बघत होती, आई पिशवीकडे. दारात बाई त्याला म्हणाली, "अहो, पट्टी एक दिवसाआड बदला. पाणी लागू देऊ नका." तो पोरीला घेऊन बहिणीकडे गेला, दूरच्या गावी. आत्याचं घर माणसांनी भरलेलं, सगळी याच रंगाची. बोट सोडली त्याने आणि तिथेच इंजिनं दुरुस्त करायचं काम धरलं.

इकडे आमचा न्यायनिवाडा चालू होता. वाचनकक्षात दोन पक्ष पडले. एक म्हणायचा बाईला तुरुंगात टाका, दुसरा म्हणायचा नवऱ्यानेच आधी टाकायला हवं होतं. मॅडमनी तिला काढलं नाही, पण मुलांच्या विभागामागे अशी बाई नको म्हणून पालक तक्रार करायला लागले. मग पुस्तकं तिच्या घरी पाठवायची ठरली. ती दुरुस्त होऊन यायची, टाके नेहमीसारखेच घट्ट. कडा मात्र काळ्याच यायच्या. बिनतारी म्हणाली, "आळशी झाली."

वाळवीचा हात भरला. भरला तो असा की नवी कातडी आजूबाजूपेक्षाही काळी आली, मनगटापासून वर एक रुंद पट्टा. आत्या त्यावर तेल चोळायची आणि भावजयीला शिव्या द्यायची. पोर ऐकायची.

ती मोठी झाली, समज आली, तसं ते खोटं तिला सलायला लागलं. एकदा तिने आईला फोन केला. "मी आज बाबाला सांगते."

"काय सांगशील?"

"खरं."

"मग तो काय करेल?"

"तुझ्याकडे येईल."

"येईल की. आणि रोज आपल्या हाताकडे बघेल. माझा राग त्याला पेलतो गं. इतकी वर्षं पेलतोय, जेवतोय, झोपतोय. तुझं ते त्याला पेलायचं नाही. तो आहे तोवर नको."

"मग तुझं काय?"

"माझं काय. माझ्याकडे पुस्तकं आहेत."

पोरीने सांगितलं नाही. बाप वर्षानुवर्षं संध्याकाळी ओट्यावर बसायचा. कधी कुणी बायकोचा विषय काढला तर बाही खाली ओढून घ्यायचा. उन्हाळ्यातसुद्धा.

गेल्या वर्षी तो गेला. महिन्याभराने वाळवी इथे आली. आता ती बाई झालीय, केसात थोडं पांढरं आहे. आईला नीट दिसत नाही, बोटं आखडलीत, म्हणून आईकडची पुस्तकं परत द्यायला तीच वाचनालयात आली. बिनतारी आता काउंटरवर नसते, आमच्याच बाकावर बसते, पण जीभ अजून नोकरीत आहे.

"काय गं वाळवे, केलंस का शेवटी आईला माफ?"

वाळवीने पुस्तकं ठेवली. बाही वर सारली, तो पट्टा सगळ्यांना दिसेल असा हात टेबलावर ठेवला आणि सांगितलं. वरच्या आवाजात नाही, खालच्याही नाही. बाकावर कुणी वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही. बिनतारी पहिल्यांदाच काही न बोलता घरी गेली. आणि ही एक बातमी तिने कुणालाही सांगितली नाही, म्हणून मला सांगावी लागतेय.

मायलेकी आता एकाच टेबलाशी बसतात. लेक सुई ओवून देते.

तर खरं असं. बांधणीबाईने पोरीच्या हाताला काही केलं नव्हतं. पोरीने तो स्वतःच घासला, पुस्तकाची कड घासतात तसा, राजकन्येसारखं गोरं व्हायला. बापाला ते कळू नये म्हणून आईने ते आपल्या अंगावर घेतलं. बापाला ते कळलं नाही.